हिशेब येतो, मग गणित का येत नाही?

बाजारात भाजीच्या पाटीमागे बसलेले दहा-बारा वर्षांचे मूल गिऱ्हाइकाशी बोलता बोलता ऐंशी रुपये किलोची भेंडी पाऊण किलो आणि तीस रुपये किलोचे कांदे दीड किलो यांचे मिळून एकशे पाच रुपये सांगते, दोनशेची नोट घेते आणि पंचाण्णव रुपये मोजून परत करते. हाती कागद नाही, पेन्सिल नाही आणि हिशेबात चूकही नाही. हेच मूल वर्गात आले आणि फळ्यावर दोनशे वजा एकशे पाच ही उभी मांडणी त्याने पाहिली, की शून्यातून पाच कसे जावेत या प्रश्नापाशी ते अडते. प्रगतिपुस्तकात 'गणितात कच्चा' असा शेरा पडतो. पालक तो खरा मानतात, शिक्षक तो खरा मानतात आणि कालांतराने मूलही तो खरा मानू लागते.

हा शेरा वस्तुतः कोणावर पडावयास हवा, हा प्रश्न गेल्या चाळीस वर्षांत जगात अनेक ठिकाणी विचारला गेला आहे. वंचित मुलांसाठी चाकोरीबाहेरच्या शाळा चालविणाऱ्यांनी तर तो प्रत्यक्ष कृतीने विचारला. मिळालेली उत्तरे एकाच दिशेने बोट दाखवितात. गरीब मुलाला गणिती बुद्धी नसते हे खोटे आहे. आणि त्याला व्यवहारापुरते गणित पुरे, हेही तितकेच खोटे आहे.

दोन गणिते

ब्राझीलमधील रेसिफे शहरात टेरेझिन्हा कॅराहर, डेव्हिड कॅराहर आणि अनालुसिया श्लीमन या संशोधकांनी रस्त्यावर फळे व खाद्यपदार्थ विकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. तो १९८५ साली प्रसिद्ध झाला. मुले पाचच होती, वये नऊ ते पंधरा. गिऱ्हाईक बनून विचारलेल्या हिशेबांपैकी ९८ टक्क्यांहून अधिक त्यांनी बरोबर सांगितले. त्याच संख्यांची उदाहरणे पुढे नुसत्या आकड्यांत मांडून दिली, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ३७ टक्क्यांच्या आसपास घसरले. बारा वर्षांच्या एका मुलाने पस्तीसच्या भावाने दहा नारळांची किंमत सांगताना तीन नारळांचे एकशे पाच धरले, त्यांत आणखी तीन मिळविले, पुन्हा तीन मिळविले आणि शेवटी एका नारळाचे पस्तीस घालून साडेतीनशेवर तो पोहोचला. दहाने गुणताना पुढे शून्य द्यावे हा नियम त्याने वापरला नाही; पण गुणाकार म्हणजे पुनःपुन्हा केलेली बेरीज आणि दहाचे सोयीचे भाग पाडता येतात, ही दोन्ही तत्त्वे त्याला उत्तम समजली होती. कागदावर पस्तीस गुणिले चार करताना मात्र चार पाचे वीस, वीसचे शून्य, हातचे दोन, दोन आणि तीन पाच, पाच चोक वीस असे म्हणत 'दोनशे' हे उत्तर लिहिले गेले. हातचा गुणाकारानंतर मिळवायचा की आधी, हे कळण्यासाठी हातचा म्हणजे काय हे कळावे लागते. ते कळले नसेल तर नियम पाठ असूनही हात चुकतो.

ब्राझीलमधील पाच मुलांवरून भारताविषयी काही म्हणता येणार नाही, असा आक्षेप कोणी घेतला असता तर तो वाजवी ठरला असता. २०२५ च्या फेब्रुवारीत 'नेचर' या नियतकालिकात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यामुळे या आक्षेपाला जागा उरली नाही. कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारांत काम करणारी १४३६ मुले त्यांनी तपासली. जवळजवळ सर्वांना व्यवहारातील गुंतागुंतीचे हिशेब बिनचूक जमत होते. तितकीच, किंबहुना त्याहून सोपी उदाहरणे पुस्तकी पद्धतीने पुढे ठेवली असता ती जमेनात. पाठ केलेले भाव, शेजाऱ्याची मदत किंवा परीक्षेची भीती यांनी या तफावतीचा उलगडा होत नाही, हेही संशोधकांनी पडताळून पाहिले.

या अभ्यासाचा दुसरा भाग अधिक विचार करावयास लावणारा आहे. जवळच्या शाळांत शिकणाऱ्या आणि विक्रीचा अनुभव नसलेल्या ४७१ मुलांचीही अशीच परीक्षा घेण्यात आली. साधी पुस्तकी उदाहरणे या मुलांना अधिक चांगली आली. परंतु बाजारातील जो हिशेब काम करणाऱ्या मुलांपैकी एक तृतीयांशाहून अधिक जणांनी सोडविला, तो शाळकरी मुलांपैकी केवळ १ टक्का मुलांना सुटला. म्हणजे बाजारातले मूल शाळेच्या गणितापर्यंत पोहोचत नाही आणि शाळेतले मूल बाजाराच्या गणितापर्यंत पोहोचत नाही. दोन्ही काठांवर मुले उभी आहेत. मधला पूल बांधणे ज्या संस्थेचे काम, ती शाळाच येथे अनुत्तीर्ण झाली आहे.

पंतोजींच्या शाळेत हा पूल अगदीच नव्हता असे नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे पाढे घोकून घेतले जात, त्यांत छडीचा धाक होता आणि बहुसंख्य जातींना त्या ओट्यावर प्रवेश नव्हता. तरीही ते पाढे मण, शेर, आणे आणि पै यांच्या व्यवहाराशी जोडलेले होते. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन केले, त्यांत प्राथमिक शिक्षणात मोडी आणि बाळबोध लेखन-वाचनाबरोबर हिशेबाचाही समावेश असावा अशी मागणी होती. ज्याला खतावणी वाचता येत नाही त्याला सावकार लुबाडतो, हा त्या काळच्या शेतकऱ्याचा रोजचा अनुभव होता. पुढे १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, पाठोपाठ मेट्रिक वजनमापे आली आणि अपूर्णांकांचे पाढे पाठ्यपुस्तकांतून मागे पडले. ते योग्यच झाले. पण बाजारातले गणित आणि वर्गातले गणित यांना जोडणारा जो एक धागा होता, त्याच्या जागी दुसरा धागा विणला गेला नाही.

भाषेचा अडसर आणखी वेगळा. मराठीत 'त्रेसष्ट' म्हणताना तीन आधी उच्चारला जातो आणि साठ नंतर. लिहिताना सहा आधी, तीन नंतर. एकुणसत्तर तर सत्तराच्या घरातून मागे मोजावा लागतो. सुशिक्षित घरातील मूल ही नावे कानावरून शिकते. ज्याच्या घरची बोली वारली, गोंडी वा कोरकू आहे, त्याला मात्र एकाच वेळी नवी भाषा, नवी संख्यानामे आणि नवी लेखनपद्धती अशा तीन गोष्टींशी झुंजावे लागते. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ साली 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनपद्धती सुचविण्यात आली, तेव्हा गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी ती मुलांच्या सोयीसाठी असल्याचे सांगितले होते. त्यावर मोठे वादळ उठले. भाषेच्या सौंदर्याविषयी पुष्कळ बोलले गेले. संख्यानामांच्या उंबरठ्यावरच अडखळणाऱ्या मुलाविषयी त्या मानाने फारच थोडे.

टेकडीवरची शाळा

शाळेला मूल येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये ते डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ आरंभापासून त्यांच्याबरोबर होत्या. तेथील वारली मुले गुरे राखण्यास जात, धाकट्या भावंडांना सांभाळीत. घंटा वाजली म्हणून ती शाळेत येणार नव्हती. तेव्हा जेथे गुरे चरत तेथेच शिक्षक गेले आणि कुरणशाळा जन्मास आली. भावंडांमुळे मोठी मुलगी शाळेबाहेर राहते हे पाहून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा यांची सांगड एका आवारात घालण्यात आली. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने परवडणारी नव्हती. तेव्हा गारगोट्या, बिया, शिंपले आणि पाने ही मोजणीची साधने झाली.

या प्रयोगाकडे केवळ काटकसर म्हणून पाहणे चुकीचे होईल. बिया मोजणारे मूल हे जाणते, की दहाची जुडी बांधली तरी आतील बिया दहाच राहतात आणि जुडी सोडली की त्या पुन्हा सुट्या होतात. दशक सोडवून एकक मिळविणे म्हणजे काय, हे त्याच्या बोटांना कळलेले असते. फळ्यावरील 'शेजाऱ्याकडून एक उसना घेतला' हे वाक्य त्यानंतर आले तर ते त्या कृतीचे नाव ठरते. आधी आले तर तो निव्वळ मंत्र ठरतो. महाराष्ट्रातील प्रयोगशील शाळांनी गणिताला जे दिले, ते हे क्रमाचे भान होय.

स्थानकांची संख्यारेषा

हा क्रम पुढे बीजगणितापर्यंत कसा न्यावा, याचे सर्वांत विचारपूर्वक उत्तर अमेरिकेतील रॉबर्ट मोझेस यांनी दिले. १९३५ साली हार्लेममध्ये जन्मलेले मोझेस न्यूयॉर्कमध्ये गणिताचे शिक्षक होते. १९६१ मध्ये ते मिसिसिपीत कृष्णवर्णीयांच्या मतदारनोंदणीच्या लढ्यात उतरले. त्या राज्यात मतदार होऊ इच्छिणाऱ्याला राज्यघटनेचा एखादा परिच्छेद वाचून त्याचा अर्थ नोंदणी अधिकाऱ्याचे समाधान होईल असा सांगावा लागे, आणि कृष्णवर्णीयांच्या बाबतीत ते समाधान सहसा होत नसे. ज्यांना शाळा नाकारली त्यांनाच निरक्षर ठरवून मत नाकारायचे, असा हा न्याय होता. १९६४ च्या उन्हाळ्यात तेथे चाळीसच्या आसपास 'स्वातंत्र्यशाळा' भरल्या आणि चर्चच्या तळघरांत, झाडांखाली मुले शिकली. १९६५ च्या मताधिकार कायद्याने साक्षरतेच्या त्या चाचण्यांवर घाला घातला.

मोझेस पुढे काही वर्षे टांझानियात गणित शिकवून १९७६ मध्ये मायदेशी परतले. १९८२ साली त्यांची थोरली मुलगी केंब्रिज येथील मार्टिन ल्यूथर किंग शाळेच्या 'मुक्त' विभागात आठवीत गेली, तेव्हा तेथे बीजगणिताची सोयच नसल्याचे त्यांना आढळले. शिक्षिकेच्या अनुमतीने त्यांनी वर्गातच तिला आणि आणखी काही मुलांना शिकविण्यास आरंभ केला. 'कुवती'नुसार पाडलेले मुलांचे गट प्रत्यक्षात वर्ण आणि आर्थिक स्थिती यांनुसार पडले आहेत, हेही त्यांच्या ध्यानात आले. यातूनच 'अल्जिब्रा प्रोजेक्ट' उभा राहिला. बीजगणित हे पुढील गणिताचे, आणि म्हणून तंत्रयुगातील रोजगाराचे व नागरिकत्वाचे दार आहे; त्या दारापाशी गरीब मुलांना अडविणे आणि मतपेटीपाशी त्यांच्या आईबापांना अडविणे यांत फरक नाही, अशी त्यांची भूमिका होती.

पद्धतीची पहिली पायरी म्हणजे सर्वांनी मिळून घेतलेला एक अनुभव. केंब्रिजची मुले भुयारी रेल्वेने बोस्टनच्या दिशेने प्रवासाला नेली जात. दुसऱ्या पायरीवर मुले त्या प्रवासाचे चित्र काढीत. तिसऱ्या पायरीवर आपल्या रोजच्या बोलीत त्याचे वर्णन करीत. चौथ्यावर त्या बोलीतून गणिताला हवे तेवढेच वेचून नेमकी भाषा घडवीत. पाचव्या पायरीवर चिन्हे येत. मुंबईच्या मध्य रेल्वेचे उदाहरण घेतले तर हे सहज उमगेल. दादरला शून्य मानावे. उत्तरेस माटुंगा अधिक एक, शीव अधिक दोन, कुर्ला अधिक तीन. दक्षिणेस परळ उणे एक, करी रोड उणे दोन, चिंचपोकळी उणे तीन. परळहून कुर्ल्याला जाणारा उतारू किती स्थानके आणि कोणत्या दिशेने गेला? मूल सांगेल, चार स्थानके, ठाण्याकडे. हेच चिन्हांत मांडले की ३ − (−१) = ४ असे होते. 'उणे उणे अधिक' हा पिढ्यान्‌पिढ्या घोकलेला नियम येथे घोकावा लागत नाही. गाडीतून आलेल्या मुलाला तो दिसतो.

मोझेस यांच्या मते घोडे नेमके येथेच अडते. अंकगणितात मुलाला 'किती' एवढाच प्रश्न ठाऊक असतो. बीजगणितात 'कोणत्या दिशेने' हा दुसरा प्रश्न येतो. पण तो नवा आहे हे कोणी सांगतच नाही. मूल जुन्या प्रश्नाच्या आधारे नव्या चिन्हांचा अर्थ लावू पाहते आणि फसते. त्याच्या बुद्धीत काहीच उणे नसते, त्याला मिळालेल्या प्रश्नांत एक उणा असतो. १९९६ पासून मोझेस यांनी मिसिसिपीतील जॅक्सन शहरात लॅनियर हायस्कूलमध्ये अनेक वर्षे हेच काम केले. त्याच वर्षी प्रकल्पातून तयार झालेल्या तरुणांनी धाकट्या मुलांना गणित शिकविण्यासाठी स्वतःची संघटना काढली. २०२१ च्या जुलैत मोझेस निवर्तले.

दया की अडसर?

या सर्व प्रयत्नांवर दोन बाजूंनी आक्षेप येतो. पहिला असा, की गरीब मुलांना बीजगणिताचा उपयोग काय? त्यांना व्यवहारगणित द्यावे, खेळांतून गोडी लावावी, तेवढे पुष्कळ आहे. या सहानुभूतीत मोठा धोका दडलेला आहे. दिल्लीतील १५४० बालवाडीच्या मुलांवर झालेल्या आणि २०१७ साली 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असे दिसले, की गणिती खेळांनी मुलांची संख्या व आकार यांची उपजत जाण टिकाऊपणे वाढली. पण शाळेच्या औपचारिक गणितात त्याचा लाभ टिकला नाही. खेळ आवश्यक आहे, पुरेसा नाही. बियांपासून निघालेल्या मुलाला चिन्हांपर्यंत हात धरून नेले नाही, तर ते बियांपाशीच राहते. आणि बाजारातले मूल आयुष्यभर बाजारातच राहते.

दुसरा आक्षेप परीक्षेच्या अंगाने येतो. २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यात असा प्रस्ताव आला, की दहावीला गणित वा विज्ञानात ३५ गुण मिळविता आले नाहीत, पण किमान २० मिळाले, तर विद्यार्थ्याला पुढे जाऊ द्यावे. मात्र त्याला पुढे गणित वा विज्ञानाचे शिक्षण घेता येणार नाही, असा शेरा प्रमाणपत्रावर असावा. यामागील हेतू समजण्यासारखा आहे. गणितात नापास झाल्यामुळे ज्यांना कला शाखेत वा एखाद्या कसबाच्या शिक्षणातही जाता येत नाही, अशा मुलांची कोंडी खरी आहे आणि ती फुटलीच पाहिजे. एका विषयाच्या काही गुणांसाठी कोणाच्या शिक्षणाला पूर्णविराम मिळू नये. तथापि तो शेरा कोणाच्या प्रमाणपत्रावर पडेल, हाही प्रश्न विचारला पाहिजे. ज्याच्या घरी शिकवणीची ऐपत आहे, त्याच्या प्रमाणपत्रावर तो क्वचितच पडेल. आश्रमशाळेतील, पालिका शाळेतील, ऊसतोडीच्या हंगामात अर्धे वर्ष फडावर असलेल्या मुलाच्या प्रमाणपत्रावर तो पडेल. पाचवीत शाळेने जे दिले नाही, त्याची पावती दहावीत मुलाच्या नावे फाडली जाईल.

आणि पाचवीत काय दिले जाते? 'असर'च्या २०२४ च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी साधा भागाकार करू शकणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ३१ टक्के आहे. उरलेल्या बहुसंख्यांना सहावीत अपूर्णांक, सातवीत ऋण संख्या आणि आठवीत समीकरणे शिकविली जातात. पायऱ्या नसलेल्या जिन्याचे वरचे मजले बांधीत राहावे, तसा हा उद्योग आहे.

यावर उपाय म्हणून शिक्षकांना आणखी एक उपक्रम आणि आणखी एक नोंदवही देण्यात अर्थ नाही. ज्या शिक्षकाला तीन इयत्ता एकत्र सांभाळाव्या लागतात आणि उरलेल्या वेळात माहितीचे तक्ते भरावे लागतात, त्याच्याकडून कोसबाड वा केंब्रिजची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. प्रयोगशाळांसारख्या चाललेल्या या शाळांत मुले थोडी होती आणि शिक्षक झपाटलेले होते, हेही खरे. परंतु त्यांच्यापासून जे घ्यावयाचे ते झपाटलेपण नसून रीत आहे, आणि तिला पैसा फारसा लागत नाही. मूल कोणत्या इयत्तेत बसते याऐवजी त्याला काय येते हे पाहून दिवसाचा एक तास तरी गट पाडावेत. पण ते गट कायमचे शिक्के होऊ देऊ नयेत, मूल पुढे सरकले की त्याचा गटही बदलावा. उत्तर कसे काढले हे मुलाला त्याच्या बोलीत सांगू द्यावे आणि ते सांगणे फळ्यावर लिहावे. तोंडी रीत चुकीची म्हणून खोडू नये. तिच्याशेजारी लेखी रीत मांडून दोन्हींत साम्य कोठे आहे ते दाखवावे. पस्तीसचे तीन नारळ एकशे पाचला, हे जाणणाऱ्या मुलाला वितरणाचा नियम आधीच येत असतो. त्याला फक्त त्या नियमाचे नाव ठाऊक नसते. गावठी शाळांत वरचा विद्यार्थी खालच्यांना शिकवीत असे. जॅक्सनच्या तरुणांनी तेच नव्याने केले. सातवीच्या मुलाने तिसरीच्या मुलाला दशक सोडवून दाखविण्यात दोघांचेही भले आहे.

अभ्यासक्रम ठरविणाऱ्यांनी याहून एक अवघड गोष्ट केली पाहिजे. गुणांची अट शिथिल करण्यापूर्वी, पाचवी संपताना प्रत्येक मुलाला संख्या, चार क्रिया आणि अपूर्णांक अर्थासह यावेत याची जबाबदारी शासनाने स्वतःवर घ्यावी, आणि ती पार पडली नाही तर शेरा शासनाच्या पुस्तकात लिहिला जावा. नापासांना पुढे जाऊ द्यावे, पण गणिताचे दार त्यांच्यासाठी पुन्हा उघडता येईल अशी सोयही ठेवावी. पंधराव्या वर्षी बंद केलेले दार पंचविसाव्या वर्षी ठोठावण्याची मुभा कोणालाही असली पाहिजे.

भाजीच्या पाटीमागे बसलेल्या मुलाला वजाबाकी येते, हे आता निर्विवाद ठरले आहे. शून्यातून पाच कसे जातात, हे त्याला समजेल अशा रीतीने सांगण्याची पाळी आता शाळेची आहे.